खाल्ल्या मिठाचा हिशेब

जून महिना नुकताच लागला होता. पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली होती आणि भाईंदर पश्चिमेच्या आमच्या गल्लीत घोट्याएवढे पाणी साचले होते. त्या पाण्यातून चपला हातात घेऊन एक गृहस्थ आमचा जिना चढून आले. मी त्यांना ओळखत होतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यांच्या वडिलांचा जन्म मिठागरात गेला. ते स्वतः स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करतात. दिवसभर दुसऱ्यांची भांडी चकचकीत करणाऱ्या त्या माणसाची स्वतःची बोटे मात्र कायमची काळवंडलेली आहेत.

चहा पुढे आला, पण त्यांनी कपाला हात लावला नाही.

“मास्तर, पोरगी बी.एस्सी. झाली. पहिल्या वर्गात आली.”

“अरे वा! मग आता पुढे?”

“तेच विचारायला आलो. ती म्हणते, गणितात एम.एस्सी. करते. कालिन्याला जाते. मी नाही म्हणत नाही. पण मला एवढं सांगा, शिकून ती होणार काय? इंजिनियर होणार म्हटलं तर लोकांना कळतं. नर्स होणार म्हटलं तरी कळतं. गणित शिकून माणूस काय होतो?”

मी हसलो. हसणे हा आम्हा मास्तरांचा वेळ काढण्याचा जुना उपाय आहे. पण ते हसले नाहीत. म्हणाले, “तुम्ही सांगाल तसं करू.”

वाचकहो, ‘तुम्ही सांगाल तसं करू’ ह्या चार शब्दांइतके जड शब्द मराठीत दुसरे नसतील. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबऱ्यांतली माणसे आयुष्याचे निर्णय घेताना फारशी चाचरत नाहीत. कारण त्यांच्या घराचे भाडे मला भरायचे नसते. शेवटच्या प्रकरणात त्यांची धूळधाण झाली तरी वाचक हळहळतो आणि पुस्तक मिटतो. पण समोर बसलेल्या जिवंत माणसाचे पान असे मिटता येत नाही. मी त्यांच्याकडे तीन दिवसांची मुदत मागितली.

मुदत मागण्याचे एक कारण सांगण्यासारखे आहे. मी स्वतः फक्त मॅट्रिक आहे. हल्ली दहावी म्हणतात, पण माझे वडील मॅट्रिकच म्हणत आणि मलाही तोच शब्द भारदस्त वाटतो. मी मॅट्रिक झालो त्याच वर्षी वडिलांची नोकरी सुटली आणि कॉलेजचा अर्ज घरातल्या ट्रंकेतच राहिला. पुढे एका लहानशा खाजगी शाळेत, तेवढ्या पगारावर दुसरे कुणी यायला तयार नव्हते म्हणून, मला पाचवी ते सातवीचे मराठी आणि गणित शिकवायला मिळाले. तेव्हा उच्च गणिताविषयी सल्ला देण्याचा माझा अधिकार, उत्तनच्या खडकावर उभे राहून खोल समुद्रात जाळे कुठे टाकावे हे नाखव्याला सांगणाऱ्याइतकाच.

दुसरे कारण सांगण्यासारखे नाही. पण तेच खरे असल्यामुळे सांगितले पाहिजे.

वीस वर्षांपूर्वी माझ्या शाळेत एक मुलगा होता. गणित त्याला शिकवावे लागत नसे; नुसते दाखवावे लागे. मी फळ्यावर उदाहरण लिहून पाठ वळवीपर्यंत त्याचे उत्तर तयार असे, आणि उत्तर आल्यावर तो थांबत नसे. “सर, दुसऱ्या रीतीने करू?” असे विचारी. दहावीनंतर तो माझ्याकडे आला. त्याला विज्ञान शाखेला जाऊन पुढे गणित घ्यायचे होते. मी त्याला समोर बसवून व्यवहार समजावला. घरची परिस्थिती, धाकट्या बहिणी, नोकरीची अनिश्चिती. “डिप्लोमा कर. तीन वर्षांत हातात पैसे येतील,” मी म्हणालो. त्याने ऐकले. तीन वर्षांत हातात पैसे आलेही. आज मीरा रोडला त्याचे स्वतःचे घर आहे, बहिणींची लग्ने झाली आहेत, आणि दर दिवाळीला तो मिठाईचा पुडा घेऊन माझ्या पाया पडायला येतो.

गेल्या दिवाळीलाही आला. माझ्या पुतणीची वही टीपॉयवर उघडी पडली होती. भूमितीचे एक उदाहरण तिने अर्धवट सोडले होते. बोलता बोलता त्याने पेन्सिल उचलली. मग बोलणे थांबले. चकलीचा तुकडा बशीत तसाच राहिला, चहावर साय धरली. पाऊण तासाने त्याने मान वर केली. उदाहरण सुटले होते. मी शाबासकी दिली, तेव्हा तो वहीकडेच बघत म्हणाला, “सर, ह्याची आणखी एक रीत असणार. असणारच. पण ती मला येत नाही. ती शिकायला हवी होती.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला उत्तर देता आले असते. ‘तुझ्या बहिणींची लग्ने कशी झाली असती?’ असे मी म्हणालो असतो आणि ते खोटे नव्हते. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एक गोष्ट लख्ख दिसली. त्या मुलाला सल्ला देताना मी त्याच्या घरचा हिशेब मांडतो आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ट्रंकेत राहिलेल्या माझ्या अर्जाची भीती मी त्याच्या वहीत उतरवून काढली होती. गणिताचा अभ्यास केल्यावर मनुष्य काय काय होऊ शकतो, ह्याची चौकशीसुद्धा मी केली नव्हती. ठाऊक नसलेल्या गोष्टीला मी ‘अशक्य’ हे नाव देऊन मोकळा झालो होतो.

म्हणून ह्या वेळी तीन दिवस मी चौकशी केली. ओळखीच्या प्राध्यापकांना गाठले, बँकेतल्या एका मित्राला विचारले, आणि वहीत दोन बाजू पाडून वाण्याच्या खतावणीसारखा हिशेब लिहिला.

जमेच्या बाजूला पहिली नोंद आमच्याच धंद्याची. गणिताची पदवी घेऊन बी.एड. केले की माध्यमिक शाळेचा दरवाजा उघडतो. आणि गणित चांगले शिकवणाऱ्या माणसाची गरज नाही असे गाव मी अजून पाहिलेले नाही. एम.एस्सी. होऊन नेट किंवा सेट ही परीक्षा दिली की कॉलेजात शिकवण्याची पात्रता येते. नेटमध्ये वरचे गुण मिळाले तर संशोधनासाठी दरमहा शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे शिकता शिकता घरी थोडे पैसे देता येतात, हे मला ठाऊकच नव्हते. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. १९४५ साली होमी भाभांनी ती स्थापन केली आणि तिथल्या गणिताचा लौकिक जगभर आहे. विमा कंपन्यांना विमागणिती लागतो. माणसे किती जगतात, किती आजारी पडतात, ह्याचा अंदाज बांधून हप्ता किती असावा हे तो ठरवतो. त्याच्या परीक्षा पुष्कळ आणि कठीण, पण नोकरी करता करता एकेक देता येतात. संख्याशास्त्राची जोड असेल तर केंद्र सरकारच्या सांख्यिकी सेवेची परीक्षा आहे. आणि संगणकाच्या धंद्यात, बँकांत, माहितीच्या प्रचंड ढिगाऱ्यातून अर्थ काढण्याच्या नव्या नव्या कामांत गणित पक्के असलेली माणसे घेतात. मात्र तिथे गणिताबरोबर संगणकाची भाषाही आली पाहिजे.

खर्चाची बाजूही प्रामाणिकपणे लिहिली. कॉलेजातल्या कायम जागा थोड्या. कित्येक हुशार माणसे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की हात रिकामे. संशोधनाला पाच-सहा वर्षे लागतात आणि इतके करून काही नवे हाती लागेल ह्याची हमी कोणी देत नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत देशभरातली मुले उतरतात. बरोबरीच्या मैत्रिणी पगार घेऊ लागलेल्या असतात तेव्हा आपण अजून फी भरत असतो.

हिशेब झाला. पण बेरीज काही केल्या जुळेना. कारण एक बाजू रुपयांत होती आणि दुसरी बाजू, माझ्या त्या जुन्या विद्यार्थ्याने वहीकडे बघत उच्चारलेल्या एका वाक्यात. रुपयातून वाक्य कसे वजा करायचे?

तेव्हा मला आमच्याच रेल्वेच्या वाटेवरचा एक माणूस आठवला. भाईंदरहून गाडी खाडीचा पूल ओलांडून विरारकडे जाते आणि तशीच पुढे गेली की डहाणू लागते. तिथे १९०५ साली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, म्हणून आकडेमोडीचाही. मुलाने ज्योतिष सोडले आणि आकडे धरले. फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे ह्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते.

ह्या शाळामास्तरांनी काय केले ते फराळ बाजूला सारून घरातल्या सगळ्यांनी करून पाहावे असे आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. तेच अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ: १९०५. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. पुढे ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६. आणि सातव्या खेपेला ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आता ६१७४ चे तसेच करा. पुन्हा ६१७४ च येते. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती ह्याच घरी येऊन थांबते. १९४९ साली कापरेकरांनी हे गणितज्ञांपुढे मांडले. आज जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. डोंबिवली स्टेशनात सुचलेल्या एका संख्याकुळाला त्यांनी त्या स्टेशनाच्या नावावरून ‘डेम्लो’ म्हटले. १११ ला १११ ने गुणले की १२३२१ येतात, हे त्याच कुळातले एक देखणे भावंड.

आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांना हे सारे पोरखेळ वाटले. कापरेकर सुट्टी मिळाली की कुठल्याही गावी जाऊन मुलांना संख्यांच्या गमती सांगत. निवृत्तीनंतर पोटासाठी त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्या अमेरिकन लेखकाने एका प्रसिद्ध मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

हे वाचून कोणी म्हणेल, ‘बघा, शेवटी शिकवण्याच!’ आणि दुसरा म्हणेल, ‘बघा, जगभर नाव झाले!’ मला दोन्ही उद्गार अपुरे वाटतात. १९३० ते १९७५ ही मधली पंचेचाळीस वर्षे दोघेही वगळतात. त्या वर्षांत त्या माणसाला ना पैसा मिळत होता, ना नाव. मग काय मिळत होते? माझा विद्यार्थी चहा गार होऊ देऊन जे पाऊण तास अनुभवत होता, ते त्यांना रोज मिळत होते. आणि शाळेच्या पगारावर ते मिळवण्याची सोय त्यांनी करून घेतली होती. पोट भरणे वेगळे आणि मन भरणे वेगळे, हे ओळखून त्यांनी दोन्हींची चूल वेगळी मांडली. सगळ्यांना ते साधत नाही. पण अशी मांडणी असू शकते, हे तरी मुलांना कोणी सांगायला हवे.

महाराष्ट्राला गणित शिकलेली माणसे नवी नाहीत. लोकमान्य टिळक १८७७ साली गणित घेऊनच पहिल्या वर्गात पदवीधर झाले. महर्षी कर्वे स्त्रीशिक्षणाचा डोंगर उचलीत असताना फर्ग्युसनमध्ये गणित शिकवूनच चरितार्थ चालवीत होते. रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला पहिले आले आणि पुण्याला परत येऊन त्याच फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. मुलीच्या जातीला हे कसे जमायचे, असे कुणी कुजबुजेल म्हणून आणखी एक नाव सांगतो. मंगला नारळीकर १९६४ साली मुंबई विद्यापीठातून गणितात एम.ए. झाल्या, पहिल्या क्रमांकाने. संसार आणि तीन मुली सांभाळून १९८१ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली, आणि पुढे मुलांसाठी मराठीतून गणित सोपे करून लिहिले.

आणि कालिन्याच्या ज्या विभागात ह्या मुलीला जायचे होते, त्याची धुरा १९६३ पासून १९७८ पर्यंत शरदचंद्र श्रीखंडे ह्यांनी वाहिली. ऑयलर नावाच्या महान गणितज्ञाने १७८२ साली एक अंदाज वर्तवला होता. समजा, दहा पलटणी आहेत आणि प्रत्येकीतून दहा निरनिराळ्या हुद्द्यांचे दहा अधिकारी घेतले. ह्या शंभर जणांना चौकोनात असे उभे करायचे की कोणत्याही आडव्या किंवा उभ्या रांगेत पलटणही पुन्हा येऊ नये आणि हुद्दाही पुन्हा येऊ नये. हे होणे नाही, असे ऑयलरला वाटले होते. १७७ वर्षे ते तसेच मानले गेले. १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि पार्कर ह्या तिघांनी ते खोटे ठरवले. रांगोळीच्या ठिपक्यांत बसवावा असा तो चौकोन. न्यूयॉर्कच्या दैनिकाने ती बातमी पहिल्या पानावर छापली.

‘पण ह्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न इथे ठेवलेलाच. त्याचे उत्तर देण्याचा मोह मलाही झाला. अशा चौकोनांच्या विद्येचा उपयोग शेतात खते आणि बियाणी यांची तुलना करताना होतो. हार्डी नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १९४० साली मोठ्या तोऱ्याने लिहिले की आपल्या संशोधनाचा व्यवहारात काडीचा उपयोग झालेला नाही. तो प्रामुख्याने पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यासक. १९७७ साली त्याच विद्येतून तिघा संशोधकांनी गुप्त संदेशांची एक रीत काढली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण नुसता गुणाकार हाती देऊन त्या दोन संख्या शोधायला सांगणे महाकठीण. एवढ्याच गोष्टीवर ती उभी आहे. आज उत्तनची मासळीवाली पापलेटाच्या पाटीशेजारी चौकटीचा कागद लावते आणि आपण मोबाईल दाखवून पैसे देतो. ते पैसे वाटेत कोणी लुबाडू नये म्हणून जे राखणदार उभे असतात, ते ह्याच निरुपयोगी विद्येच्या घराण्यातले. रादोन ह्या गणितज्ञाने १९१७ साली मांडलेले सूत्र आणि १९७१ साली प्रथम रुग्णाच्या डोक्याचे चित्र घेणारे सी.टी. स्कॅनचे यंत्र, ह्यांचेही असेच नाते आहे.

पण हे सारे त्या गृहस्थांना सांगून काय होणार? चोपन्न वर्षांनी कुणाच्या तरी मेंदूचे चित्र निघेल, म्हणून आज त्यांच्या घरचा गॅस सिलिंडर येत नाही. आणि इथेच मला तो प्रश्न खऱ्या रूपात दिसला. ‘गणिताचा उपयोग काय’ हा मूळ प्रश्नच नव्हे. उपयोग आहे, कधी आज, कधी शंभर वर्षांनी. प्रश्न असा की उपयोग सगळ्यांचा आणि जोखीम मात्र एकाच घराची, हा कुठला न्याय?

त्या गृहस्थांच्या वडिलांची आठवण मला होते ती अशा वेळी. उधाणाचे पाणी मिठागरात घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचे, उन्हात आटवायचे आणि मग फळीने ओढून मिठाचे ढीग घालायचे. घाई करून मीठ लवकर पिकत नाही. आणि अवकाळी पाऊस आला तर महिन्याची मेहनत एका रात्रीत विरघळते. मीठ साऱ्या मुलखाच्या ताटात गेले. पाय मात्र एकट्या त्यांचे फाटले. गणिताचेही असेच असावे. नुसते मीठ कोणी खात नाही, म्हणून मीठ निरुपयोगी ठरत नाही. ते कालवणात कुठे आहे हे दाखवता येत नाही. नसले की मात्र पहिल्या घासाला कळते. आपण मराठी माणसे खाल्ल्या मिठाला जागण्याची गोष्ट मोठ्या अभिमानाने करतो. पण ज्याने मीठ पिकवले त्याच्या घरी आपण किती वेळा डोकावलो?

गरिबाच्या मुलीने पोटाचा विचार करून विषय निवडावा आणि श्रीमंताच्या मुलीने आवडीचा विचार करून, हा जगाचा रिवाज आहे. रिवाज म्हणून तो मला कळतो. पण त्याला शहाणपण म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही. त्याच वेळी, ‘आवड असेल तर सारे काही मिळते, उडी घे’ असे काठावर उभे राहून ओरडणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. उडी दुसऱ्याची असते तेव्हा पाणी नेहमी खोल आणि स्वच्छ दिसते. भीतीचा सल्ला आणि फुकटचा धीर, दोन्हींत सांगणाऱ्याचे काही जात नाही. सल्ला देण्याचा अधिकार, मला वाटते, पदवीने येत नाही आणि वयानेही येत नाही. जोखमीचा थोडासा वाटा उचलायची तयारी असेल, तेवढ्यापुरताच तो येतो.

चौथ्या दिवशी बाप-लेक दोघेही आले. मी वही उघडून दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. काही लपवले नाही. तासिका तत्त्वाचे तर दोनदा सांगितले. मुलगी शांतपणे ऐकत होती. तिला बहुतेक सगळे ठाऊकच होते. मी तिला विचारले, “बाळ, ह्या गणितात तुला असं काय दिसतं?”

ती जरा लाजली. मग म्हणाली, “सर, एक, दोन, तीन असं मोजत गेलं तर संपत नाही ना? ते अनंत. पण ह्या पट्टीवरच्या एक इंचात जेवढे बिंदू आहेत, ते त्या अनंताहूनही जास्त आहेत. आणि हे नुसतं म्हणायचं नाही, सिद्ध करता येतं. कांटोर नावाच्या माणसाने १८७४ साली केलं.” आणि तिने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर ते मला समजावून द्यायला सुरुवात केली. निम्म्या वाटेवर माझी मॅट्रिक संपली. पण माझे लक्ष पानापेक्षा तिच्या वडिलांकडे होते. त्यांना त्यातले एक अक्षर कळत नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. माणसे समईकडे बघतात तसे.

मी म्हणालो, “ती काय होणार, हे मला सांगता येत नाही. मास्तरीण होईल, विमा कंपनीत जाईल, संगणकाकडे वळेल, किंवा संशोधन करील. उपाशी राहील असं मला वाटत नाही. पण लवकर श्रीमंत होईल असंही वाटत नाही. एम.एस्सी.ची दोन वर्षं तिने गणिताला द्यावी. बरोबर संगणकाची एक भाषा शिकावी, नेटची तयारी ठेवावी. दोन वर्षांनी पुन्हा ही वही उघडू. आणि ह्या दोन वर्षांत माझी बाहेरची खोली संध्याकाळी सात ते नऊ रिकामी असते. आठवी ते दहावीची मुलं मी गोळा करून देतो. तिने गणित शिकवावं. फी तिची. मला त्यातलं काही नको.”

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “आणि मास्तर, नाही जमलं तर?”

“नाही जमलं तर तुमच्याबरोबर मीही चुकलो असेन,” मी म्हणालो. “तुम्ही ह्याच जिन्याने वर या आणि मला तसं सांगा.”

त्यांनी चहाचा कप उचलला. त्या दिवशी तो त्यांनी प्यायला.

हे लिहीत असताना बाहेरच्या खोलीत अकरा मुले बसलेली आहेत. सकाळी ती सांताक्रूझला उतरून कालिन्याला जाते, परतीच्या गर्दीत उभ्याने वाचते, आणि सातच्या ठोक्याला इथे हजर होते. तिचा आवाज भिंतीतून ऐकू येतो. मघाशी एका मुलाचे उत्तर बरोबर आले असावे, कारण ती त्याला म्हणाली, “छान. आता दुसऱ्या रीतीने कर बघू.” मी लेखणी खाली ठेवली आणि बराच वेळ तशीच राहू दिली.

तिचे पुढे काय होईल ते मला माहीत नाही. यंदाच्या दिवाळीला माझा तो मीरा रोडचा विद्यार्थी मिठाई घेऊन येईल, तेव्हा त्याला मी आतल्या खोलीत न बसवता बाहेरच्या खोलीत बसवणार आहे. आठवड्यातून एक दिवस त्या मुलांना शिकवशील का, असे त्याला विचारीन म्हणतो. राहिलेली ती दुसरी रीत अजूनही शिकता येईल. शिकवणारी आता घरातच आहे.